बातमीतले निर्वासित

रायपूरला विमान गाठायला निघालेली माणसे माना या गावावरून जातात. दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांतील पद्मनाभपुर वसाहतीतून निघाले, तर तास-दीड तासाची ही वाट. २०१२ साली विमानतळाला स्वामी विवेकानंदांचे नाव मिळाले. तोवर सगळे त्याला 'माना विमानतळ' असेच म्हणत. या परिसरात आता रुंद रस्ते आहेत आणि नव्या इमारती आहेत. इथे एके काळी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या हजारो बंगाली कुटुंबांची छावणी होती, हे मात्र गाडीच्या काचेतून बाहेर पाहणाऱ्या तरुण प्रवाशाला ठाऊक असण्याचा संभव कमीच.

त्या छावणीतील गर्दीची सुरुवातच एका बातमीने झाली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. १९६३ च्या डिसेंबरअखेर श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातील पवित्र अवशेष नाहीसा झाल्याचे वृत्त पसरले. काही दिवसांतच तो परत मिळाला. पण तोपर्यंत हजाराहून अधिक मैल दूर पूर्व पाकिस्तानात, खुलना आणि ढाका भागात, हिंदूंवर हल्ले सुरू झाले होते. कलकत्त्यातही दंगली पेटल्या. १९६४ सालभर माणसे सीमा ओलांडत राहिली. पश्चिम बंगालमध्ये आता जागा नाही, सरकारी मदत हवी असेल तर राज्याबाहेर जावे लागेल, असे या नव्या निर्वासितांना सांगण्यात आले. आगगाड्या भरभरून ते मध्य प्रदेशात, मानाच्या माळावर येऊन उतरले.

हे लोक बहुतांशी नामशूद्र शेतकरी आणि मच्छीमार होते. नद्या, खाड्या आणि भातशेतीच्या प्रदेशात जन्मलेले. त्यांना तात्पुरते मानाला ठेवून पुढे दंडकारण्यात वसवायचे, अशी योजना होती. दंडकारण्य विकास प्राधिकरण १९५८ मध्येच स्थापन झाले होते. ओरिसातील कोरापुट आणि मध्य प्रदेशातील बस्तर हे त्याचे क्षेत्र. उमरकोट, मलकानगिरी, परलकोट, कोंडागाव ही वसाहतींची मुख्य ठिकाणे. देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यासारखा नावाजलेला अधिकारी या प्राधिकरणाचा अध्यक्ष होता.

कागदावर योजना चांगली होती. घर, जमीन, बैलजोडी, कर्ज, सगळे होते. पण काही वर्षांत कुटुंबे वसाहती सोडून जाऊ लागली आणि सरकारी अहवालांत त्यांच्यासाठी एक इंग्रजी शब्द रूढ झाला, 'डेझर्टर'. लष्करातून पळून जाणाऱ्या सैनिकाला लावतात तो. अहवालातला शब्द बातमीत उतरायला वेळ लागत नाही. निर्वासितांना सरकारने जमीन दिली, घरे दिली, तरी ते पळून जातात, कारण त्यांना कष्ट नकोत, फुकटचा शिधा हवा, असे चित्र शहरी वाचकाच्या मनात तयार झाले.

ते चित्र कितपत खरे होते? याचे एक उत्तर मुंबईहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात छापून आले. शैबालकुमार गुप्ता हे सनदी अधिकारी काही महिने याच प्राधिकरणाचे अध्यक्ष होते. पद सोडल्यावर त्यांनी १९६५ च्या आरंभी सचिन चौधुरी यांच्या 'इकॉनॉमिक वीकली'मध्ये लेखमाला लिहिली. पुष्कळ कुटुंबांच्या वाट्याला आलेली जमीन हलकी आहे, पाण्याची सोय नाही, त्या पिकावर कुटुंबाचे पोट भरणे अशक्य आहे, हे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले. माणसे आळशी म्हणून गेली नव्हती, ती उपाशी राहू लागली म्हणून गेली होती. पण ते साप्ताहिक वाचणारे किती आणि दैनिकातला मथळा वाचणारे किती!

या कहाणीत आणखी एक पात्र आहे. ते दोन्ही प्रकारच्या लिखाणात फारसे बोलताना दिसत नाही. ज्या जंगलात या वसाहती झाल्या, तिथला गोंड, मुरिया, कोया आदिवासी. निर्वासितांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी दंडकारण्याला 'ओसाड रान' म्हटले. योजनेच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी 'पडीक जमीन' म्हटले. त्या रानावर कोणाचे तरी घर आणि देव होते, हे दोघांच्याही लेखी गौण राहिले.

पत्रकारांना मनाई

दंडकारण्यातील माणसांचे डोळे बंगालकडे लागलेलेच होते. १९७७ मध्ये पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचे सरकार आले. विरोधी पक्षात असताना या आघाडीच्या नेत्यांनी बंगाली निर्वासितांना बंगालमध्येच वसवा, अशी मागणी लावून धरली होती. आता आपले सरकार आले, असे समजून १९७८ मध्ये लाखाहून अधिक माणसांनी माना, मलकानगिरी, परलकोट येथील चंबूगबाळे आवरले आणि ती रेल्वेने, पायी, मिळेल त्या मार्गाने निघाली. बहुतेकांना वाटेत अडवून परत पाठवण्यात आले. सुमारे तीस हजार माणसे मात्र सुंदरबनातील मरिचझापी या बेटावर पोहोचली. त्यांनी तिथे झोपड्या उभारल्या, शाळा काढली, दवाखाना काढला, मिठागरे आणि मासेमारी सुरू केली. सरकारकडे त्यांनी अनुदान मागितले नाही, फक्त राहू द्या म्हटले.

सरकारचे म्हणणे असे की ते राखीव जंगल आहे आणि तिथे वस्ती करणे बेकायदा आहे. १९७९ च्या २४ जानेवारीपासून पोलिसांच्या लाँचनी बेटाला वेढा घातला. अन्नपाणी तोडण्यात आले. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. कलकत्ता उच्च न्यायालयाने पिण्याचे पाणी, अन्न आणि औषधे अडवू नयेत असा आदेश दिला, तरी कोंडी पूर्णपणे सुटली नाही. मेच्या मध्यावर झोपड्या जाळून बेट रिकामे करण्यात आले.

पत्रकारांना बेटावर जायला मनाई होती. कलकत्त्याच्या काही दैनिकांच्या वार्ताहरांनी आडमार्गाने माहिती मिळवून लिहिले, नाही असे नाही. पण छायाचित्र नाही, प्रत्यक्षदर्शी वृत्तांत नाही. मृतांचा अधिकृत आकडा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. निर्वासितांच्या बाजूने बोलणारे शेकड्यांपासून हजारांपर्यंतचे आकडे सांगतात. खरे काय, हे आज ठामपणे कोणालाच सांगता येत नाही. ज्या घटनेला साक्षीदार म्हणून वार्ताहर नसतो, तिच्या वाट्याला असा कायमचा वाद येतो. वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, रॉस मलिक या अभ्यासकाने यावर एका विद्वत्तापूर्ण नियतकालिकात लेख लिहिला. २००४ मध्ये अमिताव घोष यांची 'द हंग्री टाइड' ही कादंबरी आली. तेव्हा कुठे इंग्रजी वाचणाऱ्या भारतीयांना मरिचझापी हे नाव कळले. परत पाठवलेली कुटुंबे तोवर बस्तर आणि मलकानगिरीच्या वसाहतींत नातवंडे खेळवत होती.

ही युक्ती फक्त आपल्याकडचीच आहे असे समजू नये. ऑस्ट्रेलियाने समुद्रमार्गे आश्रय मागायला येणाऱ्यांना नाउरू या चिमुकल्या बेटावरील छावणीत ठेवायला सुरुवात केली. तिथे जाणाऱ्या पत्रकारासाठी व्हिसाचे शुल्क २०१४ मध्ये २०० डॉलरवरून ८,००० डॉलर करण्यात आले. मनाई करण्याचीही गरज उरली नाही! अशाच दुसऱ्या बेटावर, मानुसवर, अडकवून ठेवलेल्या बेहरूझ बूचानी या कुर्दी पत्रकाराने मोबाईलवरून तुकड्या-तुकड्यांनी मजकूर पाठवून पुस्तक लिहिले. २०१९ मध्ये त्या पुस्तकाला ऑस्ट्रेलियातलाच मोठा साहित्य पुरस्कार मिळाला. तेव्हाही लेखकाला ऑस्ट्रेलियात पाय ठेवायची परवानगी नव्हती.

एकाच माणसाची चार नावे

मराठी वर्तमानपत्र उघडले की या माणसांसाठी चार-पाच शब्द भेटतात. निर्वासित, शरणार्थी, विस्थापित, आश्रित आणि घुसखोर. पहिल्याने करुणा येते, शेवटच्याने राग. कोणता शब्द कोणाला लावायचा, हे कायद्यात लिहिलेले असेल असे वाचकाला वाटते. प्रत्यक्षात भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या त्याच्या पुरवणीवरही नाही, आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र असा सर्वसमावेशक कायदा नाही. तिबेटींसाठी वेगळी व्यवस्था, श्रीलंकेच्या तमिळांसाठी वेगळी, रोहिंग्यांसाठी आणखी वेगळी. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून आलेल्या, मुस्लिम वगळता सहा धर्मसमुदायांच्या लोकांना नागरिकत्वाची वाट मोकळी केली. त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये निघाले. त्यामुळे एकाच सीमेवरून आलेल्या दोन कुटुंबांपैकी एक बातमीत 'शरणार्थी' असते, तर दुसरे 'घुसखोर'. कायद्याचा हा भेद योग्य की अयोग्य, यावर देशात दोन तट आहेत. पण चौकशी होण्याआधीच, मथळ्यात, शब्द निवडला जातो तेव्हा तो कायद्याचा नसतो. तो रात्रपाळीच्या उपसंपादकाचा असतो.

दुसरा एक शब्द अगदी घरगुती आहे, 'लोंढा'. निर्वासितांचे लोंढे, परप्रांतीयांचे लोंढे, कामगारांचे लोंढे. पाणी आले की बांध घालायचा, ते अडवायचे, उपसून टाकायचे, हा विचार आपोआप मागून येतो. लोंढ्यातल्या थेंबाला नाव नसते, गाव नसते, पोरेबाळे नसतात. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. शब्द हाताशी असतो म्हणून वापरला जातो. इंग्रजी वर्तमानपत्रांतही पूर, लाट, ओघ हेच चालते. २०१५ मध्ये ब्रिटनच्या एका खपाऊ दैनिकातील स्तंभलेखिकेने समुद्रातून येणाऱ्या स्थलांतरितांची तुलना झुरळांशी केली, तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क प्रमुखांना जाहीर निषेध करावा लागला. त्याच वर्षी 'अल जझीरा'ने ठरवले की भूमध्य समुद्रातून जीव वाचवून येणाऱ्यांसाठी 'मायग्रंट' हा शब्द सरसकट वापरायचा नाही.

या शब्दावरून आपल्याकडेही दुखावलेली माणसे आहेत. १९९० मध्ये खोरे सोडावे लागलेल्या काश्मिरी पंडितांची सरकारदरबारी नोंद 'मायग्रंट' अशीच झाली. नोकरीसाठी गाव सोडणाऱ्यालाही हाच शब्द, आणि रात्रीत घर सोडून पळालेल्यालाही हाच. तो आम्हाला लावू नका, असे त्यांच्या संघटना वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत.

उल्हासनगरचे उदाहरण

महाराष्ट्राला निर्वासित नवीन नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियातून सुटून आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांना, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, कोल्हापूरजवळ वळीवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात आसरा मिळाला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले आणि तिथल्या कोल्हापूर स्मारकावर त्यांनी पुष्पचक्र वाहिले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी वळीवड्याची आठवण मोठ्या अभिमानाने छापली. ते योग्यच होते.

पण त्याच वेळच्या दुसऱ्या छावणीची आठवण तितक्या मायेने छापली जाते का? फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदूंना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी बराकींत ठेवण्यात आले. १९४९ च्या ८ ऑगस्टला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिथे नव्या नगराची पायाभरणी केली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. पंजाब्यांना आणि बंगाल्यांना निदान अर्धा प्रांत भारतात मिळाला. सिंध्यांना तोही नाही. त्यांनी बराकीत पापड लाटले, लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटे विकली, मग कारखाने काढले. फाळणीनंतर आलेल्यांपैकी पुष्कळजण म्हणत, 'आम्हाला शरणार्थी म्हणू नका, पुरुषार्थी म्हणा.' मराठी माणसाच्या कानावर मात्र पुढे 'मेड इन यूएसए'चा विनोद अधिक पडला. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! नकली माल कुठला, तर उल्हासनगरचा. नकली माल तिथे बनलाच नाही असे नाही. पण तो मुंबईतल्या इतर दहा जागीही बनत होता. विनोद एका समाजाला चिकटला आणि तिसऱ्या पिढीपर्यंत सुटला नाही. उल्हासनगर महानगरपालिका झाली, तरी लोक अजूनही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' असेच म्हणतात.

मराठीत एक म्हण आहे. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली. निर्वासितांच्या बातम्यांचा प्रवास नेमका असाच होतो. पहिल्या आठवड्यात आईच्या कडेवरचे रडणारे मूल पहिल्या पानावर येते. सहा महिन्यांनी आत, तिसऱ्या पानावर, छावणीवर होणाऱ्या खर्चाचा आकडा येतो. दोन वर्षांनी त्यांची बातमी गुन्हेवार्तेच्या पानावरच सापडते.

१९७१ साली हे थोडक्यात टळले. बांगलादेशातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली आणि देशाने ती सांभाळली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून बहुतेक टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जुन्या पत्रांवर ते अजूनही सापडते. रघु राय यांची छायाचित्रे त्याच वेळची. जगाचे डोळे उघडले ते मात्र एका पाकिस्तानी पत्रकाराच्या वृत्तांताने. अँथनी मस्कारेन्हस हे मूळचे गोव्याच्या कुटुंबातले, जन्म बेळगावचा, वाढले कराचीत. पाकिस्तानी लष्कराने पूर्व बंगालचे 'सगळे कसे सुरळीत आहे' हे दाखवायला नेलेल्या पत्रकारांत ते होते. जे पाहिले ते पाकिस्तानात छापता येणार नाही, हे ओळखून त्यांनी आधी बायकामुलांना देशाबाहेर काढले, मग स्वतः निसटले, आणि १३ जून १९७१ रोजी लंडनच्या 'संडे टाइम्स'मध्ये त्यांचा मजकूर छापून आला. माणसे का पळत आहेत, हे त्याने सांगितले. निर्वासितांच्या बहुतेक बातम्यांत नेमके हेच गाळलेले असते. ते आले, एवढे कळते. कशापासून आले, ते कळत नाही.

आणि आपली माणसे निर्वासित होतात तेव्हा? १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. त्यांत गुजराती सर्वाधिक, पण सरकारी कचेऱ्यांतून काम करणारे गोवेकरही होते. ब्रिटनच्या लेस्टर नगरपालिकेने चक्क युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. आशय असा की आमच्याकडे घरे, शाळा, दवाखाने भरले आहेत, तेव्हा लेस्टरला येऊ नका. तरी हजारो गेले. आज त्याच शहराची दिवाळी पाहायला लांबून लोक येतात.

स्वेटरवाले

हिवाळा लागला की नागपूर, रायपूर, दुर्ग-भिलाईच्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येते. रंगीबेरंगी स्वेटरांचा ढीग आणि त्यामागे हसणारी तिबेटी बाई. ओळ ठरलेली, 'गुलाबी थंडीची चाहूल, तिबेटी बाजार सजला'. छायाचित्र गोड असते, द्वेषाचा लवलेश नसतो. पण ही बाई कुठून आली? छत्तीसगढच्या सरगुजा भागात मैनपाटच्या पठारावर १९६२-६३ च्या सुमारास तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. दुसरी विदर्भात, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडजवळ, १९७२ सालची नोर्ग्येलिंग वसाहत. तिथे जन्मलेली आणि हिंदी-मराठी अस्खलित बोलणारी तरुण मुलेही नोंदणीपत्राच्या नूतनीकरणासाठी ठरावीक मुदतीने पोलिसांकडे जातात. परदेशी जायचे तर त्यांच्याजवळ पासपोर्टऐवजी पिवळे ओळखपत्र असते. हे कधी त्या छायाचित्राखाली येत नाही. प्रेमाने काढलेले चित्रही अर्धवट असू शकते, ते असे.

बातमी अशी का होते, हेही समजून घ्यायला हवे. जिल्ह्याच्या गावी वार्ताहराला संध्याकाळी सहा-सातला पोलिसांची प्रेस नोट मिळते. तासाभरात मजकूर द्यायचा असतो. प्रेस नोटमध्ये 'संशयित बांगलादेशी' असेल, तर मथळा करताना 'संशयित' हा शब्द जागेअभावी गळतो. पकडलेल्या माणसाची बाजू घ्यायला कोणी उपलब्ध नसते. तो कोठडीत असतो, त्याची भाषा वेगळी असते, त्याचे नातेवाईक घाबरून फोन बंद करतात. चार दिवसांनी कागद खरे निघाले आणि तो सुटला, तर त्याची प्रेस नोट निघत नाही. बेकायदा सीमा ओलांडणारे नसतातच असे नाही. खोट्या आधारकार्डाची प्रकरणे खरीही असतात आणि ती छापलीच पाहिजेत. प्रश्न सुटलेल्या माणसाचा आहे.

आकड्यांचेही तसेच. २००४ च्या जुलैमध्ये केंद्रीय गृह राज्यमंत्र्यांनी संसदेत देशातल्या बेकायदा बांगलादेशींची संख्या सांगितली, १ कोटी २० लाख ५३ हजार ९५०. शेवटच्या पन्नासपर्यंत मोजलेली! काही दिवसांतच, हा आकडा पक्क्या पाहणीवर आधारलेला नाही, ऐकीव माहितीवर आहे, असा खुलासा त्यांनाच करावा लागला. खुलासा विरला, आकडा राहिला. पुढे कित्येक वर्षे तो भाषणांतून आणि अग्रलेखांतून फिरत होता.

इटलीत अशाच घाईने एकदा सगळ्यांना खाली मान घालायला लावली. २००६ च्या डिसेंबरात एर्बा या गावी एका घरात चौघांचा खून झाला, त्यात एक लहान मूल होते. घरातला जावई ट्युनिशियाचा. त्यानेच हे केले, असे दूरचित्रवाणी आणि वृत्तपत्रांनी त्याच रात्री जवळजवळ ठरवून टाकले. पण तो तेव्हा ट्युनिशियात आपल्या आईवडिलांकडे होता. मृतांत त्याची बायको आणि त्याचे मूल होते. पुढे शेजारचे इटालियन जोडपे दोषी ठरले. या प्रकरणानंतर संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित संस्थेने संपादकांना पत्र लिहिले आणि २००८ मध्ये इटलीच्या पत्रकारांनी 'रोमची सनद' स्वीकारली. आश्रय मागणारा, निर्वासित, स्थलांतरित हे शब्द नेमक्या अर्थाने वापरायचे, अर्धवट माहिती छापायची नाही, बोलणाऱ्याची ओळख जपायची, असे तिच्यात आहे. ती सगळे पाळतात असे नाही, पण निदान कोणाला जाब विचारायचा झाला तर हाताशी कागद आहे.

घरातला वाचक काय करू शकतो? फार काही नाही, पण थोडे नक्कीच. आठवी-नववीतल्या मुलासमोर वर्तमानपत्र असेल, तर अशा बातमीत कोण कोण बोलले आहे, एवढे त्याला शोधायला सांगावे. पोलीस बोलले, मंत्री बोलले, शेजारी बोलले. ज्याच्याविषयी बातमी आहे तो बोलला का? छायाचित्र त्याच घटनेचे आहे की दुसऱ्याच कुठल्या देशातले? मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींना तर ही चाळणी जास्तच लागते. २०१५ च्या सप्टेंबरात तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या अलान कुर्दी या सीरियन बालकाचे छायाचित्र आले आणि युरोपची भाषा काही आठवडे बदलली. त्याच युरोपात २०२२ मध्ये युक्रेनचे निर्वासित आले, तेव्हा काही वार्ताहर कॅमेऱ्यासमोर बोलून गेले की ही माणसे आपल्यासारखी, सुसंस्कृत आहेत. एकाला दुसऱ्या दिवशी माफी मागावी लागली. आपल्यासारखी दिसणारी माणसे निर्वासित, आणि तशी न दिसणारी लोंढा, हे त्यांनी नकळत कबूल केले होते.

छत्तीसगढची स्वतःची माणसेही या चक्रातून गेली आहेत. २००५ मध्ये बस्तरात सलवा जुडूम सुरू झाल्यावर हजारो आदिवासी जीव मुठीत धरून गोदावरीच्या खोऱ्यात, आजच्या तेलंगणात गेले. तिथे त्यांना 'गुत्ती कोया' म्हणतात. तिथल्या वनखात्याच्या कागदांत आणि त्यावरून होणाऱ्या बातम्यांत ते जंगलावर अतिक्रमण करणारे असतात.

२०२५ च्या जुलैमध्ये कोंडागाव येथे पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातून आलेल्या काही बांधकाम मजुरांना पोलिसांनी ताब्यात घेतले. ते भारतीय नागरिक आहेत, असे सांगत तिकडच्या खासदार महुआ मोईत्रा यांनी आवाज उठवला, तेव्हा प्रकरण राष्ट्रीय वृत्तपत्रांत आले. कोंडागाव म्हणजे दंडकारण्य योजनेतल्या वसाहतींचे एक मुख्य ठिकाण. तिथून पश्चिमेकडे परलकोट भागात, पखांजूरच्या बाजारात, दुकानांच्या पाट्या बंगालीतही असतात. या भागात मत्स्यबीजाचा धंदा जोरात चालतो आणि मतदारयादीत तिसऱ्या पिढीची नावे आहेत. मानाच्या छावणीत जन्मलेली मुले आता साठीला आली आहेत. रायपूरला नातवाला भेटायला जाताना बसमध्ये बंगालीत बोलावे की नाही, असा विचार त्यांच्यापैकी कोणाला पडत असेल, तर तो सकाळचे वर्तमानपत्र वाचूनच.